‘दोन्ही जमतंय की!’

ताई, मी बेळगावात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव खानापूर रोडला. गाडी चालवताना मोबाइल वापरू नये हे शिकवणारा खेळ मी प्रोजेक्टसाठी बनवतेय. मोटारसायकल चालवायची आणि मध्येच येणाऱ्या मेसेजना उत्तरं द्यायची. प्रत्येक उत्तराला दहा गुण, धडकलं की खेळ संपला. रविवारी धाकट्या भावाला खेळायला दिला. दोनदा धडकला, तेव्हा तो आणि त्याचे मित्र खो खो हसले. तिसऱ्या डावापासून सगळे मेसेज, सगळे गुण! उठून म्हणतो, ‘दोन्ही जमतंय की! तू उगंच घाबरवतीस.’ आता काय बदलू?

आणखी एक. बाबा रोज पहाटे मोटारसायकलवरून टिळकवाडीत दूध घालायला जातात. हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलत असतात, आणि पलीकडून बोलणारी बहुतेक वेळा मीच असते. येताना हे आणा, ते आणा. मग असला खेळ करायचा मला काय अधिकार? आणि तो मराठीत करू की कन्नडमध्ये? सर म्हणतात, दोन्ही नको, इंग्रजीत कर. हातात तीन महिने आहेत.
– एक विद्यार्थिनी, खानापूर रोड

बाळ,

तुझ्या भावानं तुझं मोठं काम केलंय. सबमिशनच्या दिवशी परीक्षकांनी जे विचारलं नसतं, ते त्यानं तीन डावांत दाखवून दिलं. त्याच्यावर रागावू नकोस. तुझ्या खेळानं जे शिकवलं, तेच तो शिकला.

खेळ सुरू होताना तू पडद्यावर ‘वाहन चालवताना मोबाइल वापरू नका’ असं लिहिलं असशील. ते कुणी वाचत नाही, आणि वाचलं तरी बोटांना ते कळत नाही. बोटांना कळतो तो गुण. मेसेजला उत्तर दिलं की दहा गुण, म्हणजे तुझ्या खेळाच्या लेखी उत्तर देणं हे चांगलं काम झालं. धडक म्हणजे त्या कामातली अडचण, आणि अडचणीतून वाट काढायला तर पोरांना आवडतंच. पहिल्या दोन डावांत हात चुकला, तिसऱ्यात बसला. तुझ्या रस्त्याची वळणं ठरलेली, मेसेज येण्याची वेळ ठरलेली. सराव केला की जमणारच. खऱ्या रस्त्यावर मात्र गल्लीतून चेंडूमागं धावत येणारं पोर एकदाच येतं. त्याचा सराव करायला मिळत नाही.

म्हणून पहिला बदल गुणांच्या हिशेबात कर. उत्तर दिल्याचा एकही गुण देऊ नकोस. गाडी कडेला घेऊन थांबल्याचा दे, फोन वाजत असताना नजर रस्त्यावर ठेवल्याचा दे. हे वाचून तुला वाटेल, मग खेळात मजा काय उरली? मजा असते ओढीत. फोन वाजतोय, पडद्यावर ‘आई’ असं दिसतंय, थांबला तर मागची गाडी पुढं जाणार, उशीर होणार. ही ओढ खरी वाटली पाहिजे. खेळणाऱ्याला फोन उचलावासाच वाटला नाही, तर न उचलण्यात त्यानं काय केलं? थांबून मेसेज उघडला की बहुतेक वेळा आत ‘येताना कोथिंबीर आण’ एवढंच निघू दे. एखाद्या वेळी मात्र खरंच महत्त्वाचा निरोप ठेव, घरी कुणी आजारी पडल्याचा. तसले फोन येतात, आपण खोटं सांगायचं नाही. तो निरोपसुद्धा कडेला थांबूनच ऐकता येतो, एवढं त्या प्रसंगातून दिसू दे.

आता भावाच्या ‘जमतंय की’ला उत्तर. ते वाद घालून मिळणार नाही, त्याच्याच आकड्यांनी दे. २००९ साली न्यूयॉर्क टाइम्सनं आपल्या संकेतस्थळावर असा एक छोटा खेळ ठेवला होता. गाडी योग्य लेनमध्ये न्यायची आणि अधूनमधून फोनवर मजकूर टाइप करायचा. शेवटी तो खेळणाऱ्याला सांगायचा की फोन नसताना तुझी प्रतिक्रिया इतकी जलद होती आणि फोन असताना इतकी उशिरा झाली. त्यातली तुलना मला फार आवडते, कारण ती दुसऱ्या कुणाशी नाही, आपली आपल्याशीच आहे. तूही पहिली फेरी बिनफोनची ठेव. ब्रेक दाबायला किती वेळ लागला तो मोज. मग फोनची फेरी, आणि शेवटी दोन्ही वेळा शेजारी शेजारी दाखव.

फक्त सेकंद दाखवू नकोस, त्यांचं अंतर करून दाखव. अर्धा सेकंद म्हटलं की कुणालाच काही वाटत नाही. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दोन सेकंद मान खाली घातली तर २२ मीटर, क्रिकेटच्या अख्ख्या खेळपट्टीपेक्षा जास्त. हायवेला ताशी ६० नं जाताना पाच सेकंदांचा मेसेज वाचला तर ८३ मीटर, म्हणजे चार खेळपट्ट्या, त्याही डोळे मिटून. तुझ्या भावाला खेळपट्टी कळते. पडद्यावर तीच आखून दाखव. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेनं ट्रकमध्ये कॅमेरे बसवून खऱ्या ट्रकचालकांचा अभ्यास केला होता. मेसेज टाइप करताना अपघाताचा किंवा थोडक्यात चुकलेल्या अपघाताचा धोका २३ पट वाढतो, असं २००९ मध्ये त्यांनी सांगितलं. ते लोक वर्षानुवर्षं पोटासाठी गाडी चालवणारे होते, शिकाऊ नव्हते. हा आकडा प्रोजेक्टच्या अहवालात घाल. खेळात खेळपट्टीच राहू दे.

खरं, नजर ही अर्धीच गोष्ट झाली. तुझ्या बाबांची नजर रस्त्यावरच असते, हातही हँडलवर असतात. मग काय बिघडतं, असं तेही विचारतील. काही वर्षांपूर्वी मी खानापूरहून बेळगावला येत होते. गाडी मीच चालवत होते, फोन स्पीकरवर होता, आणि घरातल्या एका ऑपरेशनबद्दल बोलणं चाललं होतं. पिरनवाडीत आल्यावर लक्षात आलं की मच्छे कधी मागं पडलं ते मला आठवतच नाही. अख्खं गाव गेलं! तिथले गतिरोधक, बसला थांबलेली माणसं, शाळेची पोरं, यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं. डोळे सताड उघडे होते, मन मात्र दवाखान्यात होतं. त्या दिवशी कुणी आडवं आलं नाही हे माझं नशीब. त्या गावाच्या रस्त्यावर कुणाचं पोर होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही, आणि ते मला अजून टोचतं.

याला प्रयोगाचा आधार आहे. १९९९ साली सायमन्स आणि चॅब्रिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंचं चित्रण दाखवलं आणि किती वेळा चेंडू दिला ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाच्या वेशातलं एक माणूस त्या खेळाडूंमधून चालत गेलं. बघणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना ते दिसलंच नाही. लक्ष दुसरीकडं गुंतलं की डोळ्यांसमोरचंही निसटतं.

तुझ्या खेळाचा गाभा मला इथं दिसतो. फोनवर नुसते आयते मेसेज देऊ नकोस, खरं बोलणं दे, म्हणजे डोकं गुंतेल. ‘दुकानातनं तेल, साखर, अर्धा किलो रवा आण. आणि मावशीला किती वाजता येऊ म्हणून सांगितलंस?’ खेळणारा उत्तरं देत गाडी चालवतो आणि सुखरूप पोचतोही. त्याला वाटतं, जिंकलो. मग तीच फेरी त्याला परत दाखव, सावकाश, फोनशिवाय. वळणावर दप्तर घेतलेली मुलगी उभी होती. दिवा नसलेली सायकल होती. म्हशी रस्ता ओलांडायला निघाल्या होत्या. आणि विचार, ‘यातलं काय काय पाहिलंस?’ तुझा भाऊ म्हणेल, ‘हे होतंच कुठं?’ तो प्रश्न त्याच्या तोंडून येईल तेव्हा तुला पुढं काहीच सांगावं लागणार नाही.

एक बारकावा विसरू नकोस. फोन ठेवला की मन लगेच रस्त्यावर येत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या वाहतूक सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गाडीला किंवा फोनला तोंडी आज्ञा दिल्यानंतर लक्ष पूर्ववत व्हायला काही वेळा २७ सेकंदांपर्यंत लागल्याचं आढळलं. ताशी ४० नं तेवढ्यात गाडी ३०० मीटर पुढं जाते. म्हणून बोलणं संपल्यावरही तुझा पडदा काही वेळ कडेकडेनं धूसर राहू दे आणि हळूहळू उजळू दे.

धडकेबद्दल. रक्त, किंकाळी, मोडकी गाडी, यातलं काहीही नको. पोरं हसली त्यात त्यांचा दोष नाही. बाकीच्या खेळांत पडलं की लगेच उठायचं असतं, तीच सवय त्यांना आहे. शिवाय जो फार घाबरवतो त्याचं ऐकणं माणूस बंद करतो, ‘माझं असं होणार नाही’ म्हणून मोकळा होतो. माझं मत विचारशील तर दहातल्या आठ-नऊ फेऱ्यांत धडक होऊच देऊ नकोस. खऱ्या आयुष्यात तसंच होतं. माणूस फोनवर बोलत शंभर वेळा नीट घरी पोचतो आणि प्रत्येक वेळी त्याची खात्री वाढत जाते की काही होत नाही. त्या खात्रीलाच हात घाल. पुन्हा दाखवलेल्या फेरीत मुलीच्या दप्तरापासून हँडल किती इंचांवरून गेलं ते दिसू दे. आणि धडक आलीच तर खेळ थांबू दे, पडदा स्थिर होऊ दे, रस्त्यावर पडलेला फोन वाजत राहू दे. त्यावर ‘आई’ हे नाव. ‘पुन्हा खेळा’चं बटण त्या वेळी लगेच आणू नकोस. फोन पूर्ण वाजून थांबल्यावर आण.

आता तुझ्या त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मला तोच पहिला वाटतो.

अधिकार तुलाच आहे, कारण फोनची दुसरी बाजू तुला माहीत आहे. रस्ता सुरक्षेच्या पाट्या, भाषणं, फलक सगळे चालवणाऱ्याशी बोलतात. फोन करणाऱ्याशी सहसा कुणी बोलत नाही. वाजणारा प्रत्येक फोन कुणीतरी केलेला असतो, आणि बहुतेक वेळा मायेपोटीच केलेला असतो. ‘कुठं पोचलास?’ हे आपल्याकडं काळजीचं वाक्य आहे. ज्याची काळजी वाटते त्यालाच त्या वाक्यानं आपण धोक्यात घालतो, हे लक्षातच येत नाही. म्हणून खेळाचा एक भाग फोन करणाऱ्याचा कर. खेळणारा घरी आहे. बाबा पहाटे दोन्ही बाजूंना किटल्या बांधून निघालेत, ते आता कुठं असतील ते त्याला दिसत नाही. हातात फोन आहे आणि सांगायचंय, साखर संपलीय. फोन करायचा, मेसेज टाकायचा, की आठ वाजेपर्यंत थांबायचं? केला, तर पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यात बाबांचा रस्ता धूसर होताना त्याला दिसू दे. आणि सगळ्यात मोठा गुण या एका वाक्याला दे: ‘गाडीवर हाईसा? मग ठेवते, पोचल्यावर तुम्हीच करा.’ यासाठी लायसन्स लागत नाही, गाडी लागत नाही. सातवीतली पोरगी हे करू शकते, स्वयंपाकघरातली आजी करू शकते. तुझा खेळ अशा घरांत पोचेल जिथं एकच माणूस गाडी चालवतो आणि पाच जण त्याला फोन करतात.

भाषेबद्दल सरांना नम्रपणे सांग की अहवाल इंग्रजीत देते, खेळ मात्र मराठी आणि कन्नडमध्ये असेल. आपल्या रस्त्यावर दोन्ही भाषांची माणसं एकाच बसला थांबतात आणि एकाच खड्ड्यात पडतात. पहिल्याच पडद्यावर भाषा निवडू दे. कन्नड संवाद मशीनकडून करून घेऊ नकोस. वर्गातल्या कन्नड मैत्रिणीला बसव, तिच्या घरात फोनवर जसं बोलतात तसं तिला लिहू दे, आणि तिचं नाव खेळात घाल. मराठीसुद्धा पुस्तकी नको. ‘आपण कोठे आहात?’ असं कुठली आई विचारते? ‘कुठं हाईस? येऊलालास काय?’ असं लिही. ऐकताक्षणी पोरांना आपलं घर आठवेल.

अक्षरांची एक अडचण आधीच सांगून ठेवते. खेळ बनवायच्या काही साधनांत जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडं जातात. युनिटीमध्ये हा त्रास होऊ शकतो. गोदो मोफत आहे, आणि त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट उमटतात. तिसरी आवृत्ती असेल तर बदल. मराठीला मुक्ता हा टंक घे, कन्नडला नोटो सान्स कन्नड. दोन्ही मोफत मिळतात. खेळ ब्राउझरमध्ये चालेल असा ठेव आणि घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर चालवून बघ. तुझ्या लॅपटॉपवर तो पळतो याला फारसा अर्थ नाही. आणि तुझ्या खेळानं कुणालाही कधीही नोटिफिकेशन पाठवू नये. ते वाजेल तेव्हा तो माणूस कदाचित गाडीवर असेल.

रस्ता आपलाच घे. परदेशी खेळांतला सहा पदरी गुळगुळीत रस्ता इथं कुणाला ओळखीचा वाटणार? हंगामात संकेश्वर-निपाणीकडं रात्री उसाचे ट्रॅक्टर असतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला. क्षणभर मान खाली गेली तर ती ट्रॉली दिसत नाही, समोर नुसता अंधार असतो. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं धुकं असतं. चोर्ला घाटात वळणामागून गोव्याची गाडी येते. शहरात गोवावेसची गर्दी आहे. पण सगळं भरू नकोस. तीन महिन्यांत एक पहाटेचा रस्ता आणि एक उसाचा रात्रीचा रस्ता झाला तरी पुष्कळ.

कायद्याची एक ओळ पुरे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये चालवताना हातात फोन धरून वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. हा केंद्राचा कायदा असल्यानं शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात चंदगडकडं गेलं तरी तोच लागू. मात्र पोलीस आणि दंड हा खेळाचा विषय करू नकोस. तसं केलं तर पोरं पोलीस कुठं उभा आहे तेवढंच बघायला शिकतील.

आता कोड लिहायचं आठवडाभर थांबव. पुठ्ठ्यावर रस्ता काढ, वर वहीतल्या कागदाच्या म्हशी, ट्रॉली, मुलगी ठेव. खेळणाऱ्यानं काडेपेटीची गाडी पुढं सरकवायची, मैत्रिणीनं शेजारी बसून फोनवर बोलल्यासारखं त्याला प्रश्न विचारायचे, आणि तू एकेक चित्र गुपचूप ठेवायचं आणि उचलायचं. शेवटी विचार, काय काय दिसलं. पुठ्ठ्यावर हे जमलं तर पडद्यावर जमेल. पुठ्ठ्यावर कंटाळा आला तर कितीही चांगले ग्राफिक्स तो घालवणार नाहीत. खेळताना कुणाला मदत करू नकोस, समजावू नकोस. नुसती बघ आणि वहीत लिही. आणि कुणालाही खऱ्या गाडीवर बसवून काही तपासू नकोस, अगदी गल्लीतसुद्धा नाही.

खेळ आवडला का, असं विचारलंस तर सगळे हो म्हणतील. आठवड्यानंतर विचार, ‘परवा गाडीवर असताना फोन आला तेव्हा काय केलंस?’ घरच्यांना विचार, ‘फोन करण्याआधी थांबलात का?’ दहा-बारा जणांच्या उत्तरांवरून काही सिद्ध होत नाही, तसं अहवालात स्पष्ट लिही. परीक्षकांना खरेपणा आवडतो, आणि नाही आवडला तरी लिही.

पुठ्ठ्याचा पहिला डाव बाबांबरोबर खेळ. ते दूध घालून परत आले, किटल्या धुऊन झाल्या, चहा झाला, की मग. फोन करणाऱ्याची बाजू त्यांना दे आणि गाडी तू चालव. आणि उद्या पहाटे साखर संपलेली असली तर ते घरी येईपर्यंत थांब.

तुझी,
ताई